स्मृतिभ्रंश आणि आहारातले वनस्पतिजन्य घटक : खरंच काही तथ्य आहे का?

रानजाई
मंडळी, आईने सत्तरी ओलांडली आहे. माझ्या आजीला शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता आणि तिचं सगळं आईनेच केलं. त्यामुळे चष्मा जागेवर सापडला नाही तरी आईच्या पोटात गोळा येतो. हल्ली तिच्या टेबलावर बाटल्या वाढायला लागल्यात. एकीत हळदीतलं कर्क्युमिन, दुसरीत गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, तिसरीत द्राक्षाच्या सालीतलं रेझवेराट्रॉल. तिन्हींवर मेंदूचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. बेरी, चहा, कोको, पालेभाज्या यांतल्या फ्लेव्होनॉइड वगैरे घटकांनी स्मृतिभ्रंश टळतो किंवा लांबतो, हे माणसांवर सिद्ध झालंय का? आणि झालं असेल तर तेच घटक गोळीतून घेऊन चालतात का?

अनुभव असतील तर जरूर लिहा. ‘सकारात्मक राहा’ एवढं मात्र कृपया नको.

तिरकी_रेघ
पहिला! विसरायच्या आत प्रतिसाद देऊन ठेवतो, धागा नंतर वाचतो.

शेवटचा_बाक
@तिरकी_रेघ, तुम्हाला उशीर झालाय, आता गोळ्यांचा उपयोग नाही. (हलके घ्या.)

खडूफळा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, जमेल तेवढं लिहिते.

लोक काय खातात हे नोंदवायचं आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, अशा अभ्यासांतून चित्र फार छान दिसतं. शिकागोच्या रश विद्यापीठाने ९२१ वयस्कांच्या आहारातले फ्लेव्होनॉल (फ्लेव्होनॉइडचा एक गट) मोजले आणि सरासरी सहा वर्षं पाठपुरावा केला. सगळ्यात जास्त फ्लेव्होनॉल खाणाऱ्यांत अल्झायमरची (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) शक्यता सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा ४८ टक्के कमी निघाली. हे २०२० मध्ये छापून आलं. त्यातही केम्फेरॉल या फ्लेव्होनॉलचा संबंध सगळ्यात ठळक होता (पालक, ब्रोकोली, चहा, घेवड्याच्या जातीच्या शेंगा). आणि ज्या क्वेर्सेटिनच्या गोळ्या सर्रास मिळतात, त्याचा संबंध काही दिसला नाही!

त्याच विद्यापीठाचा २०१८ चा पालेभाज्यांवरचा अभ्यास ९६० जणांचा. रोज साधारण एक वाढप पालेभाजी खाणाऱ्यांची आकलनक्षमता जवळजवळ न खाणाऱ्यांच्या तुलनेत अकरा वर्षांनी तरुण असल्यासारखी होती. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात सत्तरीपुढच्या १६,०१० स्त्रिया होत्या. ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांची घसरण अडीच वर्षांपर्यंत मागे राहिली.

आता खोच. नेमाने पालेभाजी खाणारी माणसं बहुधा चालायलाही जातात, सिगरेट कमी ओढतात, जास्त शिकलेली असतात, रक्तदाब तपासून घेतात. संशोधक हे सगळं हिशेबात धरतात, पण पूर्ण वजा करता येत नाही. म्हणून ‘खाणाऱ्यांना कमी होतो’ यावरून ‘खाल्ल्यामुळे कमी होतो’ असं म्हणता येत नाही.

कंदमूळ
एवढे हजारो लोक, एवढी वर्षं, आणि सगळे निष्कर्ष एकाच दिशेला. तरी शंका आहेच! एखादं औषध असतं तर आतापर्यंत डोक्यावर घेऊन नाचले असते. पालकाचं पेटंट घेता येत नाही, हे खरं दुखणं आहे.

घड्याळजी
कंदमूळ, सगळे एकाच दिशेला नाहीत हो. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात ८,२२५ जणांचा आहार त्यांच्या मध्यमवयापासून नोंदवला होता, पाठपुरावा जवळपास पंचवीस वर्षांचा. चांगला आहार आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांत संबंध सापडला नाही (२०१९).

असं का व्हावं? अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. सुरुवातीच्या त्या काळात माणूस नीट स्वयंपाक करेनासा होतो, तेच तेच खातो, वजन उतरतं. पाच-सहा वर्षांच्या अभ्यासात तुम्हाला दिसतं की ‘वाईट खाणाऱ्यांना रोग झाला’. प्रत्यक्षात रोगाची सुरुवात आधीच झालेली असू शकते आणि त्यामुळेच खाणं बिघडलेलं असू शकतं. सगळा परिणाम याचाच आहे असं मी म्हणत नाही, पण किती आहे ते वेगळं काढणं अवघड आहे.

म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी. तिथे काय झालं बघा.

गिंको : पंचाहत्तरीपुढचे ३,०६९ जण, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे सहा वर्षं. निकाल २००८ मध्ये आला. स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. फ्रान्समध्ये २,८५४ जणांवर तोच प्रयोग, निकाल २०१२ मध्ये. तेच उत्तर.

कोको : रोज ५०० मिलिग्रॅम फ्लेव्हनॉलचा (हा फ्लेव्होनॉइडचा दुसरा गट, वरचे फ्लेव्होनॉल वेगळे) अर्क, २,२६२ जण, तीन वर्षं, निकाल २०२२ चा. आकलनक्षमतेत फरक नाही. गंमत म्हणजे त्याच प्रयोगात साध्या मल्टिव्हिटॅमिनचा थोडा फायदा दिसला.

रेझवेराट्रॉल : सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेले ११९ रुग्ण, ५२ आठवडे, मोठा डोस. मेंदूचं आकारमान खऱ्या गोळीच्या गटात *जास्त* घटलं. त्याचा नेमका अर्थ काय यावर मतभेद आहेत, पण बाटलीवर छापण्याजोगा निकाल तो नक्कीच नाही.

रानजाईताई, तुमच्या तीनपैकी दोन बाटल्यांचं उत्तर यात आलं.

शेवटचा_बाक
वाचतोय. पॉपकॉर्न आणले आहेत. त्यात फ्लेव्होनॉइड असतात का?

खडूफळा
@शेवटचा_बाक, पॉलिफेनॉल (फ्लेव्होनॉइड ज्यात मोडतात तो मोठा गट) असतात. दाताच्या फटीत अडकणाऱ्या त्या टरफलातच सगळ्यात जास्त.

कंदमूळ
घड्याळजी, तुमच्याच बोलण्यात विसंगती आहे. रोग वीस वर्षं आधी सुरू होतो म्हणता, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला तीन किंवा सहा वर्षं गोळी देऊन ‘उपयोग नाही’ असा निकाल लावता. हे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी कणीस शोधण्यासारखं झालं. प्रयोग चाळिशीत सुरू करायला हवा.

दुसरं, गोळी म्हणजे अन्न नव्हे. पालकात केम्फेरॉल आहे, ल्युटिन आहे, फोलेट आहे, नायट्रेट आहे, तंतू आहेत. त्यातला एकच घटक उचलून डबीत भरायचा आणि तो हरला की पालकाला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

तिसरं, कोकोच्या त्याच प्रयोगाची दुसरी शाखा तुम्ही सोयीस्कर गाळलीत. ३,५६२ जण, निकाल २०२३. ज्यांचा मूळ आहार निकृष्ट होता आणि फ्लेव्हनॉल कमी पोटात जात होते, त्यांची स्मरणशक्ती अर्काने सुधारली. म्हणजे कमतरता असेल तर भरून काढल्याचा फायदा आहे.

घड्याळजी
पहिला मुद्दा बिनतोड आहे. वीस वर्षांचा प्रयोग कुणी करत नाही, करायला गेलं तर माणसं मध्येच सोडून जातात.

दुसऱ्याबद्दल : अख्ख्या आहाराचाही प्रयोग झालाय. माइंड आहार, म्हणजे पालेभाज्या, बेरी, सुका मेवा, कडधान्यं, ऑलिव्ह तेल भरपूर आणि लोणी, चीज, लाल मांस, गोड पदार्थ कमी. मार्था क्लेअर मॉरिस यांच्या गटाने २०१५ मध्ये ९२३ जणांच्या निरीक्षणातून लिहिलं की काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमर ५३ टक्के कमी. मग याच आहाराचा रीतसर प्रयोग झाला : ६०४ जण, सगळ्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचा इतिहास, तीन वर्षं. २०२३ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. अर्थात तुलनेच्या गटालाही कमी उष्मांक खायला लावलं होतं, दोन्हीकडे सुमारे पाच किलो वजन उतरलं आणि दोन्हीकडे गुण सुधारले. त्यामुळे ‘आहार निकामी’ असाही अर्थ काढता येत नाही.

तिसरं : सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक नव्हता, फायदा एका उपगटात दिसला. उपगट बघत बसलं की कुठे ना कुठे काहीतरी चमकतंच. तरी लघवीतले अवशेष मोजून कुणाच्या पोटात खरंच किती गेलं हे त्यांनी तपासलं होतं, म्हणून मी ते अगदी मोडीत काढणार नाही.

सोनटक्का
आकडे बाजूला ठेवून अनुभव लिहिते. सासऱ्यांना निदान झालं तेव्हा मीही असंच वाचून रोज बेरी द्यायला लागले. ते प्रत्येक घासाला थांबायचे, जिभेवरून एकेक बारीक बी बोटाने काढायचे आणि ताटलीच्या कडेला ओळीने लावून ठेवायचे. एक मूठ फळं खायला तास जायचा, आणि ओळ कुणी मोडली तर चिडायचे. शेवटी केळं घालून दाट स्मूदी करायला लागले, ती मात्र गटागट प्यायचे.

आजार थांबला का? नाही. त्यांच्या गतीने तो पुढे जातच राहिला. पण वजन उतरायचं थांबलं, आणि त्या टप्प्यावर डॉक्टरांना तीच काळजी होती.

निळी_शाई
सोनटक्का, _/\_

अवांतर, पण गमतीचं आहे म्हणून. केळं आणि बेरी यांच्या स्मूदींवर खरंच एक प्रयोग झालाय, २०२३ मध्ये. केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, चिरलेलं केळं काळं पडतं ते त्याच्यामुळे. केळ्याची स्मूदी आणि फ्लेव्हनॉल एकत्र घेतल्यावर शरीरात पोचलेल्या फ्लेव्हनॉलचं प्रमाण नुसती कॅप्सूल घेण्याच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी घटलं. मिश्र बेरींच्या स्मूदीत असं झालं नाही.

सोनटक्का
@निळी_शाई, माहितीबद्दल आभार. तरी मी केळंच घातलं असतं. त्याशिवाय ते प्यायलेच नसते.

तिरकी_रेघ
धागा वाचला. आता केळं खायचं की नाही एवढं एका ओळीत सांगा.

खडूफळा
@तिरकी_रेघ, खा. बेरीच्या आधी किंवा नंतर.

त्या ‘अँटिऑक्सिडंट’ शब्दाबद्दल बोलायचं राहिलं. परीक्षानळीत कुठला पदार्थ पेशींना इजा करणारे किती मुक्त कण निष्प्रभ करतो याचे तक्ते अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी प्रसिद्ध केले होते. २०१२ मध्ये त्यांनीच ते काढून टाकले, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि विक्रेते ते बिनदिक्कत वापरत होते.

पोटात गेल्यावर फ्लेव्होनॉइड मूळ रूपात रक्तात फारच थोडे पोचतात. बरेचसे मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि ते लहान तुकडे शोषले जातात. म्हणून एकच पदार्थ खाऊन दोन माणसांच्या रक्तात वेगवेगळं काही सापडतं. मेंदूत पोचणारं प्रमाण त्याहून कमी. मग फायदा होत असेल तर कसा? सगळ्यात भक्कम दुवा रक्तवाहिन्यांचा वाटतो. कोको-चहातल्या फ्लेव्हनॉलमुळे वाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि त्या सैल होतात, हे माणसांत मोजलेलं आहे. आणि म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशात अल्झायमरच्या जोडीला लहान वाहिन्यांचं नुकसान बऱ्याचदा असतंच.

माझं वैयक्तिक मत, या पदार्थांचा फायदा मेंदूपेक्षा आधी रक्तवाहिन्यांना होतो. त्यासाठी गोळी लागत नाही.

औषधवाली
औषधांच्या दुकानात उभी असते, म्हणून तिसऱ्या बाटलीबद्दल, कर्क्युमिनबद्दल मी लिहिते.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के. तेही पोटातून नीट शोषलं जात नाही, जे जातं ते यकृत लगेच बाहेर काढतं. १९९८ च्या एका प्रयोगात २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, सोबत दिल्यावर शोषण वीसपट वाढलं. तेव्हापासून गोळ्यांत पिपेरीन घालायची पद्धत पडली. पण पिपेरीन यकृताचं बाहेर काढण्याचं काम मंदावतं, आणि ते फक्त कर्क्युमिनपुरतं थांबत नाही, इतर काही औषधांची पातळीही वाढू शकते.

परिणामाचं म्हणाल तर जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकाराचा एक छोटा प्रयोग आहे, ४० जण, दीड वर्ष, २०१८ चा. त्यात स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. त्याआधी अल्झायमरच्या रुग्णांवर २४ आठवड्यांचा झाला होता, त्यात काही मिळालं नाही. चाळीस माणसांवर मी पैज लावणार नाही. उलट या जोरदार गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वाढल्यात. ग्रीन टीच्या अर्काचंही तेच : कपातून प्यायलेला चहा निर्धोक, पण कॅप्सूलमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) घेणाऱ्यांची यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये बजावलंय.

रानजाई, आई रक्त पातळ करणारी गोळी घेते का? घेत असेल तर गिंको आजच बाजूला काढा.

निळी_शाई
वनस्पतिजन्य घटक अल्झायमरवर चालतच नाहीत असं मात्र नाही हं. गॅलँटामीन हे मान्यताप्राप्त औषध मुळात स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातून मिळालं. १९५० च्या दशकात बल्गेरिया आणि सोव्हिएत संघात त्यावर काम झालं, अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली. अल्झायमरचंच दुसरं औषध रिव्हास्टिग्मीन ज्या रेणूवरून घडवलं तो फायसोस्टिग्मीन पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार घेवड्यातला. तो घेवडा आरोपीला खायला घालून तो मरतो की जगतो यावर न्याय व्हायचा!

दोन्ही औषधं मेंदूतलं ॲसिटिलकोलीन (स्मरणशक्तीला लागणारं संदेशवाहक रसायन) टिकवतात. लक्षणांना काही काळ आधार देतात, रोग थांबवत नाहीत. आणि दोन्ही मूळ वनस्पती विषारी आहेत, तेव्हा कंद उकडून खायला जाऊ नका.

शेवटचा_बाक
आणि धोतऱ्यातलं स्कोपोलामीन बरोब्बर उलटं करतं. निरोगी माणसाला ते देऊन तात्पुरता विसरभोळेपणा आणतात, मग त्यावर नवी औषधं तपासतात. ‘वनस्पतीतलं आहे म्हणजे अपाय नाही’ म्हणणाऱ्यांना समर्पित.

कंदमूळ, दिवे घ्या.

कंदमूळ
घेतले. धोतरा खा असं मी कधीच म्हटलं नव्हतं :)

औषधवाली
शेवटचा_बाक गमतीत फार कामाचं बोलून गेले. ॲसिटिलकोलीन दाबणाऱ्या गोळ्या वयस्कांच्या घरात सर्रास सापडतात : डायफेनहायड्रामिन असलेल्या झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, काही जुनी नैराश्याची औषधं. पासष्टीपुढच्या ३,४३४ जणांच्या २०१५ च्या अभ्यासात अशी औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला. हेही निरीक्षणच, कारण सिद्ध होत नाही. पण आईला मेंदूसाठी एक गोळी चालू करण्याआधी अशी एखादी आधीच चालू नाही ना, हे बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनाने बंद मात्र करू नका.

रानजाई
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. रेझवेराट्रॉलचं ऐकून तिने ती बाटली स्वतःच टेबलावरून उचलली. ‘हे मी मेंदूसाठी घेत होते?’ एवढंच म्हणाली. ॲलर्जीची गोळी रोज रात्री घेते, झोप चांगली लागते म्हणून. ती कुठली ते बघते.

पण मग करायचं काय? तिला हातात काहीतरी हवं आहे. ‘काहीच सिद्ध नाही’ हे ऐकून ती पुन्हा बाटल्यांकडे वळेल. मघाशी वाचून दाखवताना प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागलं, तेही मोठ्याने.

घड्याळजी
तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. ते सगळे जन्मभर टाळता आले तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज. त्यात ऐकू कमी येणं, दिसायला कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, एलडीएल कोलेस्टेरॉल, नैराश्य, एकटेपणा, बैठेपणा आहे. आहार स्वतंत्रपणे यादीत नाही. आईचे कान तपासून घ्या.

कंदमूळ
कानाच्या यंत्राचाही प्रयोग झालाय की, २०२३ मध्ये, ९७७ जण, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून फरक नाही, जास्त धोका असलेल्या उपगटात घसरण ४८ टक्के मंद! कोकोच्या वेळी उपगट चालत नव्हता, कानाच्या वेळी कसा चालतो?

घड्याळजी
हा हा, पकडलंत. फरक एवढाच की मेंदूला फायदा नाही झाला तरी यंत्राने ऐकू येतं.

कंदमूळ
आणि कोकोने तोंडाला चव येते.

खडूफळा
दोघांना एक बाजूला बसवा रे कुणीतरी.

रानजाई, हातात द्यायचंच असेल तर फिनलंडच्या फिंगर प्रयोगाकडे बघा. साठ ते सत्त्याहत्तर वयाचे १,२६० जण, दोन वर्षं, निकाल २०१५ मध्ये. आहार, व्यायाम, मेंदूला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, सगळं एकदम. त्या गटाची एकूण आकलनातली सुधारणा तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. त्यात फळं-भाज्यांचा वाटा किती, ते वेगळं काढता येत नाही, आणि आईला वेगळं काढून करायचंय काय?

स्वयंपाकघरातलं एवढंच : पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून देऊ नका, फ्लेव्होनॉल आणि फोलेट त्या पाण्यात उतरतात. थोड्या तेलात परता, ल्युटिन शोषायला स्निग्धांश लागतो. कांद्याची कोरडी सालं काढल्यावर आणखी दोन जाड पापुद्रे फेकायची सवय असेल तर सोडा, क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांतच जास्त असतं.

तिरकी_रेघ
क्वेर्सेटिनचा संबंध दिसला नाही असं तुम्हीच वर म्हणालात ना?

खडूफळा
@तिरकी_रेघ, तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे, अभिनंदन. कांदा वाया का घालवायचा, म्हणून लिहिलं.

रानजाई
हसून हसून पुरेवाट. कानांच्या तपासणीची वेळ घेतली. बी-१२ आणि थायरॉइडही डॉक्टरांनी सांगितलंय, विसरभोळेपणा त्यामुळेही येऊ शकतो म्हणे.

@औषधवाली, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, नाव अपिक्साबॅन. मैत्रिणीच्या वडिलांना अशाच गोळीवर पालेभाज्या मोजून खायला सांगितल्या आहेत. आईलाही तसं करायचं का?

औषधवाली
त्यांना बहुधा वॉरफरिन असेल. वॉरफरिन के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतं आणि पालेभाज्यांत ते भरपूर असतं, म्हणून रोजचं प्रमाण सारखं ठेवावं लागतं. अपिक्साबॅनचा के जीवनसत्त्वाशी संबंध नाही, आईला पालेभाज्या हव्या तेवढ्या खाऊ द्या. गिंको मात्र या गोळीसोबतही नको, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. कर्क्युमिनच्या बाटलीबद्दलही डॉक्टरांना विचारा. जाताना नावं चिठ्ठीवर लिहून नेऊ नका, सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा, ॲलर्जीच्या गोळीसकट. पिपेरीन वगैरे मागच्या बारीक अक्षरांतच लिहिलेलं असतं.